मर्यादवेल

पंचनाम्याच्या कागदावर, नावाच्या खाली,
धर्माचा रकाना असतो.
सुरुंगवाडीची पोलीस पाटील म्हणून नऊ वर्षं झाली,
तो कधी रिकामा गेला नव्हता.

आश्विनातल्या उधाणाने एक माणूस आणून टाकला,
रापण ओढतात त्या जागेच्या जरा दक्षिणेला.
अनोळखी पुरुष. वय अंदाजे चाळीस.
चेहरा माशांनी नेलेला.
मनगटात काळा दोरा. दोऱ्याचं काय,
तो पिराचाही असतो, वेतोबाचाही.
पुरुष मंडळी पंचा उचलून, वाकून बघून आली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
बाय, वळखूचा असा दर्यान काय ठेवूक नाय.

देवगडहून फोनवर साहेब म्हणाले, सकाळी येतो.
तोवर राखण करा. कुत्री आहेत, कुर्ल्या आहेत.

लवू गुरव उठला. वेळेवर आलेला
देवाच्या हद्दीत आला, म्हणाला.
याकूब सोलकर काही न बोलता उठला.
त्याचा धाकटा भाऊ तेरा वर्षांपूर्वी
ट्रॉलरवरून गेलेला, कुठल्याच किनाऱ्याला लागला नाही.
किंवा लागला असेल.

या दोघांची पाणंदीवरून केस आहे.
पालखी तिथूनच जाते, जनाजाही तिथूनच,
रुंदी साडेचार हात.
सात वर्षं एकमेकांशी शब्द नाही,
तारखेला एकाच एसटीने जातात,
एक पुढच्या दाराशी बसतो, एक मागच्या बाकावर.

शाळेत आम्हाला सहिष्णुता होती, नागरिकशास्त्रात.
ष च्या पोटाला ण चिकटलेला, त्याला खाली उकार.
मी सहिस्नुता म्हटलं, हातावर पट्टी बसली.
उच्चार सुधारला.
अर्थ विचारायचा राहून गेला.

लवू पायांशी बसला, याकूब डोक्याशी.
मध्ये ताडपत्री, वाऱ्याने फुगून खाली बसणारी,
आत कोणी श्वास घेतंय असं वाटावं इतकी.
मी सुरूच्या बनाच्या कडेला, बॅटरी घेऊन.
लवूने तंबाखू मळली, एकट्यापुरती.
कुत्रं आलं की जो जवळ असेल तो वाळू फेकायचा.
एवढंच चाललं होतं रात्रभर.
मला वाटलं होतं, निदान खोकतील तरी एकमेकांकडे बघून.

पहाटे याकूब उठला, पाण्याकडे गेला,
हातपाय धुऊन दहा पावलांवर रुमाल अंथरला.
तेव्हा लवू पायांशी होता तो सरकला
आणि ताडपत्रीच्या मधोमध येऊन बसला,
दोन्ही बाजू दिसतील असा.
याकूब परतल्यावर
पुन्हा पायांशी.

मी हे पंचनाम्यात लिहिलेलं नाही.

साहेब आले, डॉक्टर आले, नाकाला रुमाल लावून
जे कापायचं ते कापलं, बाटलीत भरलं.
अनोळखी असेल तर पुरायचा, असा नियम.
मर्यादवेलीच्या वरच्या अंगाला खड्डा घेतला.
तिच्या अलीकडे समुद्र येत नाही म्हणतात.
म्हणतात.

लवू गाऱ्हाण्याला उभा राहिला
आणि पहिल्याच ओळीला अडला.
गाऱ्हाण्यात नाव लागतं, गाव लागतं, कूळ लागतं.
बा देवा म्हाराजा, म्हणाला,
हो कोण, कोणाचो, आमका ठावक नाय.
खंयसून इलो ता तुका म्हायत.
घराकडे वाट बघतत तेंका
आज रातीक निज दी.
व्हय म्हाराजा, आम्ही चौघं म्हणालो.
याकूब म्हणाला नाही.
त्याचे ओठ हलत होते, वेगळंच काही.
ऐकायला मी पुढे झाले नाही.

साहेब म्हणाले, रकाना मोकळा चालत नाही.
मी एक आडवी रेघ ओढली.

यंदाच्या पावसात वेळ खचली,
सुरूची चार झाडं मुळांसकट गेली.
वेल तगली, पण सरकली असावी,
कारण जागा नेमकी कुठे होती ते आता सांगता येत नाही.
लवू म्हणतो, उंडीच्या उजव्या बाजूला.
याकूब म्हणतो, डाव्या.
मला येऊन सांगतात, वेगवेगळे, वेगवेगळ्या दिवशी.
केसची पुढली तारीख चौदा आहे.